समुद्रातील बिघाड आणि परतण्याची मुदत

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी आहे, ज्याने जमीन आणि समुद्र निर्माण केले, प्रत्येक वस्तूचे माप ठरवून दिले आणि त्या मापांची राखण करण्याची जबाबदारी मानवावर सोपविली. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, जे समस्त विश्वांसाठी कृपा बनून आले.



दिव्य कुरआनात समुद्राचा उल्लेख वारंवार आला आहे. कोठे तो अल्लाहच्या सामर्थ्याची खूण म्हणून येतो, कोठे उपजीविकेचे साधन म्हणून, तर कोठे संकटात सापडलेल्या माणसाला आपल्या निर्मात्याची आठवण करून देणारे स्थान म्हणून. सूरह अन्-नहलच्या १४ व्या आयतीत समुद्रातून मिळणारे ताजे मांस आणि अंगावर लेण्याचे अलंकार या दोन्ही देणग्यांची आठवण देऊन माणसाने कृतज्ञ व्हावे, असे सांगितले आहे. सूरह अर्-रहमानच्या २२ व्या आयतीत समुद्रातून निघणाऱ्या दोन वस्तूंची नावे आली आहेत: मोती आणि मरजान. काही भाष्यकारांनी मरजानचा अर्थ लहान मोती असा केला आहे, तर अनेकांनी तो प्रवाळ असा घेतला आहे. आपल्या घरांतून ज्याला पोवळे म्हणतात, तेच हे मरजान.

जवाहिऱ्याकडे मिळणारे लाल पोवळे भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी मंद उजेडात वाढते. आज आपण बोलणार आहोत ते त्याच्या भाऊबंदांविषयी, म्हणजे उष्ण प्रदेशांतील उथळ, स्वच्छ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात राहून समुद्राच्या पोटात डोंगरांसारख्या भिंती उभारणाऱ्या प्रवाळांविषयी. धर्मशिक्षणाच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सूरह अर्-रहमानमध्येच आहे. मरजानचे नाव येण्यापूर्वी, ७ ते ९ या आयतींत, अल्लाहने आकाश उंच केल्याचा आणि ‘मीजान’, म्हणजे संतुलन, स्थापन केल्याचा उल्लेख आहे आणि त्या संतुलनात मर्यादा ओलांडू नका, अशी ताकीद आहे. आधी मीजान, मग मरजान. आज मीजान ढळला आहे आणि त्याची साक्ष मरजान देत आहे.

एका देहातील दोन रहिवासी

प्रवाळ दिसायला दगडासारखा किंवा झाडासारखा असला, तरी तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफुले हे त्याचे नातलग होत. पॉलिप नावाचा हा इवलासा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती कठीण सांगाडा रचतो. असे असंख्य पॉलिप एकमेकांना लागून पिढ्यान्‌पिढ्या बांधकाम करीत राहतात, तेव्हा प्रवाळभित्ती तयार होते.

परंतु या बांधकामासाठी लागणारे बळ एकट्या पॉलिपजवळ नसते. उष्ण समुद्राचे निळेशार पाणी डोळ्यांना सुंदर दिसते, पण पोषणाच्या दृष्टीने ते जवळजवळ ओसाड असते. अशा पाण्यात हा जीव जगतो तो एका सोबत्याच्या आधाराने. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म, एकपेशीय शैवाल राहतात. शास्त्रज्ञ त्यांना झूझँथेली म्हणतात. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. हे शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात आणि त्यातील फार मोठा वाटा, कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत, आपल्या यजमानाला देतात. त्या बदल्यात प्रवाळ त्यांना राहायला सुरक्षित जागा देतो आणि स्वतःच्या शरीरातून टाकाऊ म्हणून निघणारा कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनयुक्त द्रव्ये त्यांच्या हवाली करतो. एकाचा टाकाऊ भाग तो दुसऱ्याचा घास. प्रवाळाचे बहुतेक रंगदेखील या पाहुण्यांचेच असतात. त्याचा स्वतःचा देह जवळजवळ पारदर्शक असतो.

या भागीदारीची बरकत किती, ते पाहा. प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही. तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला असतात. सूरह अल्-अनआमच्या ३८ व्या आयतीत भूमीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारख्याच ‘उम्मती’, म्हणजे समुदाय, म्हटले आहे. सूरह बनी इस्राईलच्या ४४ व्या आयतीनुसार अशी एकही वस्तू नाही जी अल्लाहची तसबीह करीत नाही; आपल्याला मात्र ती समजत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. पूर्वीच्या एका पैगंबरांना मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे वारूळ जाळविले. तेव्हा अल्लाहकडून त्यांना विचारणा झाली की, एका मुंगीने दंश केला म्हणून तुम्ही तसबीह करणारा एक संपूर्ण समुदाय जाळून टाकलात काय? मुंग्यांच्या एका वारुळासाठी पैगंबराला जाब विचारला जातो, तर समुद्रातील एवढ्या मोठ्या वसाहतींविषयी आपल्याला विचारले जाणार नाही, असे कोणत्या आधारावर मानावे?

मापाबाहेरची ऊब

सूरह अल्-कमरच्या ४९ व्या आयतीत अल्लाहने प्रत्येक वस्तू एका मापाने निर्माण केल्याचे सांगितले आहे. हे माप किती बारीक असते, ते प्रवाळाकडे पाहिले म्हणजे कळते. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्यात समुद्राचे जे सरासरी तापमान असते, त्याच्यापेक्षा पाणी केवळ १ अंश सेल्सिअसने अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर ही शतकानुशतकांची भागीदारी मोडू लागते. आपल्या अंगाला जो एक अंश जाणवतही नाही, तो त्यांच्यासाठी जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो.

असे का होते? अधिक उष्णतेत शैवालांच्या अन्न तयार करण्याच्या यंत्रणेत बिघाड होतो. सूर्यप्रकाश येतच असतो. परंतु त्याचे अन्नात रूपांतर करणे त्यांना झेपेनासे होते. मग त्या न पेललेल्या प्रकाशातून प्राणवायूची अशी रूपे निर्माण होतात, जी पेशींना विषासारखी जाळतात. ज्या प्रकाशातून काल अन्न मिळत होते, त्यातूनच आज विष तयार होते. अखेर प्रवाळ आपल्या सोबत्यांना बाहेर टाकतो. रंग निघून जातो आणि पारदर्शक देहाखालचा पांढरा चुनखडी सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन, किंवा रूढ शब्दांत ब्लीचिंग, म्हणतात.

बंधू-भगिनींनो, नेमत आणि जहमत यांच्यामधील अंतर किती थोडे असते, याचा हा धडा आहे. प्रकाश ही नेमत, ऊब ही नेमत, प्राणवायू ही नेमत. माप ओलांडले की तिन्ही जहमत. कुरआन जेव्हा इस्राफ, म्हणजे मर्यादेबाहेरचा उपभोग, निषिद्ध ठरवितो, तेव्हा तो एखाद्या वाईट वस्तूविषयी बोलत नसतो. सूरह अल्-आराफच्या ३१ व्या आयतीत तर खाण्या-पिण्याची आज्ञा आहे आणि तिला लागूनच इस्राफची मनाई आहे. वस्तू हलाल असते. तिचे माप चुकते, तेव्हा बिघाड सुरू होतो.

समुद्राचे हे माप कोणी बिघडविले? औद्योगिक युगापूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण पृथ्वीभोवती जी जास्तीची उष्णता कोंडली, तिचा सुमारे ९० टक्के भाग समुद्राने आपल्या पोटात घेतला. समुद्राने हे सोसले नसते, तर जमिनीवरील आपली अवस्था आजच्यापेक्षा कितीतरी बिकट झाली असती. आपल्या वाट्याचा ताप त्याने घेतला आणि तो ताप प्रवाळांपर्यंत पोहोचला.

सहनशक्ती आणि तिची किंमत

अल्लाहने या दुर्बल दिसणाऱ्या जीवाला प्रतिकाराविना सोडलेले नाही. विरंजित प्रवाळ हा मेलेला प्रवाळ नसतो, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी; या संपूर्ण विवेचनाचा कणा तीच आहे. तो उपाशी असतो, पण जिवंत असतो. काही आठवड्यांत पाणी निवले, तर शैवाल पुन्हा वस्तीला येतात आणि रंग परततो. पाणी निवले नाही, तर उपासमारीने तो मरतो. या दोन्हींच्या मधल्या काळात तो स्वस्थ बसत नाही.

काही प्रवाळ अशा वेळी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अधिक प्रमाणात पकडून खाऊ लागतात. हवाई बेटांजवळील एका जातीने विरंजनाच्या काळात आपली संपूर्ण दैनंदिन गरज अशा रीतीने भागविल्याचे संशोधकांना आढळले. काही प्रवाळ झगझगीत रंगद्रव्ये निर्माण करतात. ही रंगद्रव्ये छत्रीसारखी प्रखर प्रकाश अडवितात आणि शैवालांना परतण्याजोगी सावली देतात. सर्वांत विलक्षण उपाय सोबती बदलण्याचा. प्रवाळात राहणारे शैवाल एकाच जातीचे नसतात. काही थंड पाण्यात उत्तम काम करतात, तर काही उष्णता सोसणारे असतात. उष्णतेची लाट आली की, आजवर अल्पसंख्य असलेले हे सोसणारे शैवाल काही प्रवाळांत बहुसंख्य होतात. त्यामुळे त्यांची सहनशक्ती सुमारे १ ते १.५ अंशाने वाढू शकते.

पण ही सहनशक्ती फुकट मिळत नाही. उष्णता सोसणारे शैवाल आपल्या यजमानाला अन्न कमी देतात. त्यामुळे प्रवाळाची वाढ मंदावते. तो तग धरतो, पण त्याचे बांधकाम रेंगाळते.

सहनशक्तीचे सर्वांत ठळक उदाहरण पर्शियन आखातात दिसते. कोकणातील आपल्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष ज्या आखाताच्या काठी रोजीसाठी राहतात, तेथील पाणी उन्हाळ्यात ३४ ते ३६ अंशांपर्यंत तापते. इतरत्र एवढ्या तापमानात प्रवाळ तग धरू शकत नाहीत. येथे मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. २०१५ मध्ये संशोधकांनी तेथील प्रवाळांमधील एका शैवालाची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली आणि त्याच्या नावातच उष्णतेची आवड दर्शविणारा शब्द घातला. हे आखात आज आहे तसे फार जुने नाही. मागील हिमयुगात ते बहुतांशी कोरडे होते आणि गेल्या काही हजार वर्षांतच समुद्राने ते भरले. एवढ्या काळात अल्लाहच्या आज्ञेने प्रवाळ आणि शैवाल यांची ही जोडी त्या भट्टीत राहायला शिकली.

हे वाचून कोणी म्हणेल, मग काळजी कशाची? प्रवाळ शिकतील. याचे उत्तर त्याच आखाताने दिले आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याच्या दक्षिण भागात, अबुधाबीच्या बाजूला, पाणी या कणखर प्रवाळांच्याही मर्यादेपलीकडे गेले. बहुतांश प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांचा मोठा हिस्सा मेला. जे हजारो वर्षांत शिकायचे, ते काही दशकांत शिकण्याची सक्ती केली, तर सर्वांत कणखर विद्यार्थीदेखील टिकत नाही. सब्र हा मोठा गुण आहे; परंतु दुसऱ्याच्या सब्रवर आपला जुलूम चालू ठेवणे हा गुन्हा आहे.

‘अल्लाह समर्थ आहे’ या वाक्याचा अर्थ

आपल्या समाजात अशा विषयांवर एक वाक्य नेहमी ऐकू येते: “अल्लाह समर्थ आहे, तो पाहून घेईल.” वाक्याचा पहिला भाग ईमान आहे. दुसरा भाग कोणत्या अर्थाने उच्चारला जातो, यावर सर्व काही अवलंबून आहे. तिर्मिजीच्या संग्रहातील प्रसिद्ध हदीस सर्वांना ठाऊक आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. जो उंट स्वतःच सोडून देतो आणि मग तवक्कुलचे नाव घेतो, तो तवक्कुल करीत नाही. तो आपल्या आळसाला धार्मिक पोशाख चढवितो.

शिवाय अल्लाहने पाहून घेण्यासाठीच तर पृथ्वीवर खलीफा नेमला. सूरह अल्-अनआमची शेवटची आयत सांगते की, माणसाला पृथ्वीवर खलीफा करण्यात आले ते त्याला जे दिले गेले त्यात त्याची परीक्षा घेण्यासाठी. परीक्षार्थ्याने उत्तरपत्रिका कोरी ठेवून, परीक्षक समर्थ आहेत, असे म्हणावे, हे कोठवर शोभेल?

लक्षद्वीपच्या बांधवांची जमीन

हा प्रश्न केवळ मासे आणि रंग यांचा नाही. माणसांच्या पायांखालच्या जमिनीचा आहे. केरळच्या किनाऱ्यापलीकडे अरबी समुद्रात लक्षद्वीपची ३६ बेटे आहेत आणि त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती आणि तिच्यातील ९६ टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम आहेत. ही बेटे प्रवाळांनीच बांधलेली आहेत. त्यांच्या मशिदी, घरे, नारळीच्या बागा आणि कबरी या सर्वांखाली प्रवाळांच्या सांगाड्यांची वाळू व खडक आहे. बेटांची उंची समुद्रसपाटीपासून थोडे मीटर एवढीच आहे. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते आणि तेच विहिरींना मिळते. बाहेरून येणाऱ्या लाटांचा जोर प्रवाळभित्ती मोडते, म्हणून आत शांत पाणी, वाळूचा काठ आणि विहिरीचे गोडेपण टिकून राहते. टूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, गळाने पकडणारे तेथील कोळी आमिषाचे लहान जिवंत मासे याच भित्तींच्या आश्रयाला मिळवितात.

जिवंत प्रवाळ सतत बांधत असतो आणि लाटा सतत झिजवीत असतात. प्रवाळ मेला की बांधणारा थांबतो, झिजविणाऱ्या लाटा मात्र थांबत नाहीत. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेच्या लाटा येऊन मोठे विरंजन झाले. दीर्घकाळ निरीक्षण करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की, १९९८ मध्ये तेथील निरीक्षणस्थळांवर जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्याही खाली आले. दोन लाटांच्या मधला काळ अपुरा पडतो. जखम भरण्यापूर्वीच नवा घाव बसतो.

हे एका ठिकाणापुरते मर्यादित नाही. २०२३ च्या आरंभापासून २०२५ च्या मार्चपर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडविण्याइतकी उष्णता सोसावी लागली. जागतिक तापमानवाढ १.५ अंशावर थांबली, तरी ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती नष्ट होतील आणि ती २ अंशांवर गेली, तर जवळजवळ काहीच उरणार नाही, असा इशारा हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्येच दिला होता.

सहीह बुखारीत ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली जहाजाची हदीस येथे आठवते. एका जहाजावर काही लोक वरच्या मजल्यावर आहेत, तर काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागते, म्हणून ते आपल्या वाट्याच्या जागेत छिद्र पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले, तर सर्व बुडतील. त्यांचे हात धरले, तर सर्व वाचतील. आज मात्र उलटे घडत आहे. छिद्र वरच्या मजल्यावरचे पाडीत आहेत आणि पाणी आधी खालच्यांच्या पायांशी येत आहे. लक्षद्वीपच्या कोळ्याने किती कोळसा जाळला असेल? छिद्र पाडणाऱ्या त्या हातांमध्ये आपलाही हात आहे काय, हे प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे तपासून पाहावे. आखातातील तेलाच्या कमाईवर आपल्या अनेक कुटुंबांची घरे उभी राहिली, मुले शिकली. ती रोजी हलाल आहे, कष्टाची आहे. परंतु सूरह अत्-तकासुरच्या शेवटी सांगितल्याप्रमाणे नेमतींविषयी विचारणा होणार आहे आणि त्या विचारणेत हलाल मार्गाने आलेली नेमत कशी वापरली, हाही प्रश्न असेल.

जे आपल्या हाती आहे

एवढ्या मोठ्या संकटापुढे एका कुटुंबाने किंवा एका मोहल्ल्याने काय करावे, असा प्रश्न पडतो. येथे प्रवाळांच्या अभ्यासातून मिळालेली एक गोष्ट मोठा धीर देते. पॅसिफिक महासागरातील किरितिमाती या बेटाभोवती २०१५-१६ मध्ये समुद्र सुमारे दहा महिने तापून राहिला. तेथील बहुतांश प्रवाळ मेले. परंतु काही प्रवाळांनी पाणी तापलेले असतानाच पुन्हा रंग धरला. उष्णता सोसणारे शैवाल त्यांच्यात वाढले आणि ते वाचले. संशोधकांना अशक्य वाटावी अशी ही गोष्ट होती. ती कोठे घडली? जेथे वस्तीचे सांडपाणी आणि माणसांचा इतर त्रास कमी होता, अशाच ठिकाणी. गावाजवळच्या प्रवाळांना ही वाट मिळाली नाही. समुद्राचा ताप तर दोन्हीकडे होता. स्थानिक माणसांनी आपला जाच कमी ठेवला, तेवढ्यानेच जगण्याची एक वाट उघडी राहिली.

म्हणून आपले लहान काम लहान समजू नये. महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात ते आढळतात आणि तेथेही अलीकडच्या वर्षांत विरंजनाच्या नोंदी झाल्या आहेत. किनाऱ्यावरील आपल्या बांधवांनी प्रवाळांवर नांगर टाकू नये, फाटकी जाळी समुद्रात सोडू नये, गावाचे सांडपाणी व प्लास्टिक खाडीत जाऊ नये यासाठी जमातीत ठराव करावा. पाण्याखालचे दृश्य पाहायला जाणाऱ्या तरुणांनी प्रवाळांना हात लावू नये, त्यांवर उभे राहू नये. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणू नये. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिले आहे. मुलेमुली मरजानविषयी विचारतील, तेव्हा त्यांना आयतही सांगावी आणि हा जीवही समजावून सांगावा.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचाही वाटा आहे. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळसा जाळूनच तयार होतो. वुजूच्या वेळी वाहता सोडलेला नळ म्हणजे पंपाची वीज, आणि वीज म्हणजे जाळलेला कोळसा. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे अगदी थोड्या पाण्याने, वुजू करीत असल्याचे सहीह हदीसींत आले आहे. लग्नाच्या मांडवातील रात्रभर जळणारी रोषणाई आणि उकिरड्यावर जाणारे अन्न, हाही इस्राफच आहे. आपण त्याला इभ्रत म्हणतो, एवढाच फरक. मशिदीच्या छतावर सौरऊर्जेची तजवीज करणे, वुजूखान्याचे पाणी झाडांना वळविणे, ही कामे सदका-ए-जारियाच्या नियतीने करता येतात. विश्वस्त मंडळींनी संगमरवर बदलण्याआधी याचा विचार करावा.

परतण्याची मुदत

सूरह अर्-रूमची ४१ वी आयत या सर्व विवेचनाचा गाभा आहे. तिचा आशय असा की, माणसांच्या स्वतःच्या हातांच्या कमाईमुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड प्रकट झाला आहे, जेणेकरून अल्लाहने त्यांना त्यांच्या काही कृत्यांची चव चाखवावी; कदाचित ते परततील. यातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, चव ‘काही’ कृत्यांची आहे, सर्व कृत्यांची नाही. सूरह फातिरच्या शेवटच्या आयतीनुसार अल्लाहने लोकांना त्यांच्या सर्व कमाईबद्दल पकडले असते, तर पृथ्वीच्या पाठीवर एकही सजीव उरला नसता. परंतु तो एका ठरलेल्या मुदतीपर्यंत सवलत देतो. दुसरी, या चव चाखविण्याचा हेतू नाश नाही, परतणे आहे.

पांढरा पडलेला प्रवाळ नेमका याच मुदतीत उभा असतो. तो मेलेला नसतो. परंतु त्याच्याजवळ वेळ थोडा असतो. पाणी निवले, तर त्याचा सोबती परततो. आपल्या अंतःकरणाचीही हीच अवस्था असते. गुनाहच्या तापाने ईमानाचा रंग उडतो, तरी जीव शाबूत असेपर्यंत तौबाचा दरवाजा उघडा असतो. मात्र मुदत म्हणजे माफी नव्हे. जो मुदतीला माफी समजतो, तो ती संपेपर्यंत झोपून राहतो. प्रवाळ तर आपल्या परीने सर्व उपाय करून मोकळा झाला आहे. त्याने भूक सोसली, सोबती बदलले, वाढ थांबविली. आता परतण्याची पाळी आपली आहे, कारण पाणी तापविणारे हात आपले आहेत. ज्याला हे पटले असेल, त्याने या जुमापूर्वी आपल्या घरातील एक इस्राफ निवडावा आणि अल्लाहसाठी तो सोडावा.

हे अल्लाह, तू जमीन आणि समुद्र यांचा स्वामी आहेस. तुझी तसबीह करणाऱ्या ज्या समुदायांना आम्ही ओळखलेही नाही, त्यांच्यावरील आमच्या जुलमाबद्दल आम्हाला क्षमा कर. लक्षद्वीपच्या आणि सर्व किनाऱ्यांवरील तुझ्या दासांच्या घरांचे, विहिरींचे आणि रोजीचे रक्षण कर. आमच्या नेमतींना जहमत होऊ देऊ नकोस. आम्हाला मापात जगण्याची सद्बुद्धी दे आणि मुदत संपण्यापूर्वी परतणाऱ्यांत आमची गणना कर. आमीन, या रब्बल आलमीन.